फुटबॉलचे खेळाडू कोणी निवडायचे? मॅनेजरनं की ऑफिसातल्यांनी?

वखारभागवाला
इथं मिरज जंक्शन या नावानं लिहिणाऱ्यांची परवाची पोस्ट वाचून डोकं फिरलं. थोडक्यात म्हणणं असं: मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, फर्ग्युसन गेला आणि मँचेस्टर युनायटेडची रया गेली, कारण मॅनेजरच्या हातातून खेळाडूंची खरेदी काढून घेतली. ज्याला टीम खेळवायचीय त्यानंच माणसं निवडावीत. खरेदी बघणारे डायरेक्टर, डेटा, लॅपटॉपवाले यांना घरी पाठवा.

साहेब, फर्ग्युसन १९८६ ला आला आणि २०१३ ला गेला. १३ वेळा इंग्लंडची लीग जिंकला. एवढी वर्षं एका खुर्चीत बसणारा माणूस पाच वर्षांचा करार देताना चार वेळा विचार करतो, कारण पुढचं निस्तरायचंही त्यालाच असतं. आजचा मॅनेजर दोन सीझन टिकला तरी पेढे वाटायचे. त्याला शनिवारची मॅच काढायचीय. त्याच्यामागं क्लब ते पगार कसे भरणार याच्याशी त्याला काय देणंघेणं? युनायटेडचा अँटनी घ्या. २०२२ ला हॉलंडच्या आयाक्स क्लबला साडेनऊ कोटी युरो मोजले. कोणाच्या हट्टापायी? तेव्हाच्या मॅनेजर टेन हागच्या, कारण आयाक्समध्ये त्याच्याच हाताखाली खेळलेला. म्हणजे तंतोतंत तुमचंच तत्त्व. ऑक्टोबर २०२४ ला टेन हागला नारळ दिला, अँटनी पुढं स्पेनच्या बेतिस क्लबला गेला आणि क्लब बसला हिशेब करत.

मिरज जंक्शन
एक अँटनी सापडला की झाली तुमची दिवाळी. मी न्यूकॅसल क्लबचं सांगतो, २००८ चं. मॅनेजर कीगनला शब्द दिलेला की खरेदीत अंतिम निर्णय तुझा. वर डेनिस वाइजला डायरेक्टर म्हणून आणून बसवलं. वाइजनं इग्नासिओ गोन्झालेस नावाचा खेळाडू ठरवला आणि कीगनला सांगितलं, यूट्यूबवर बघून घे. यूट्यूबवर! कीगन राजीनामा देऊन चालता झाला. लवादासमोर उघड झालं की दोन एजंटांची मर्जी राखायला तो सौदा केलेला. २००९ ला निकाल कीगनच्या बाजूनं लागला, २० लाख पौंड भरपाई मिळाली. खेळाडूचं म्हणाल तर जेमतेम मैदानात दिसला.

आपल्या सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा कांडा हातानं मोडून आतला रंग बघितल्याशिवाय कोण बोली लावत नाही. आणि हे फोनवर माणूस घेणार!

विश्रामबाग ०९
काका, कांडा मोडून बघणारा खरेदीदाराचा माणूस असतो. मसाला करणारा कारागीर सौद्याला येत नाही. उदाहरण तुमचं आणि मुद्दा आमचा, आभारी आहे.

आता सालाह. २०१७ ला लिव्हरपूलच्या मॅनेजर क्लॉपच्या मनात ज्युलियन ब्रांट होता. खरेदी बघणारा मायकल एडवर्ड्स आणि त्याची माणसं सालाह सालाह करत मागं लागली, क्लॉपनं ऐकलं. हा तोच सालाह, ज्याला चेल्सीनं बाकावर बसवून इटलीला धाडलेला. बाकावरचे आकडे बघून कुठला मॅनेजर त्याला मागणार होता? क्लॉपचं मोठेपण हेच की त्यानं हट्ट धरला नाही.

मिरज जंक्शन
म्हणजे क्लॉपनं होकार दिला तेव्हाच आला ना? तेच तर म्हणतोय मी. आणि लॅपटॉपची आरती ओवाळू नका. लेस्टर क्लबसाठी खेळाडू शोधणारा स्टीव्ह वॉल्श फ्रान्समध्ये ल हाव्रला दुसऱ्याच पोराला बघायला गेलेला, नजर पडली माहरेझवर. २०१४ ला साडेचार लाख पौंडांच्या आसपास घेतला, २०१६ ला लीग. कुठल्या एक्सेलमध्ये होतं ते?

विश्रामबाग ०९
वॉल्श मॅनेजर नव्हता, काका. पोस्ट टाकायच्या आधी वाचत जावा की एकदा.

कुपवाडचा डावखुरा
तुमचं इंग्लंड चालू द्या. आपल्याकडं कोण निवडतंय ते बोला की जरा. जो जर्सीचं पैसं देतोय त्यो. आमच्या मंडळात एक दानशूर होते, नाव घेत न्हाई. मॅचच्या आधी बोलेरोतनं उतरायचे, कोचच्या हातातली चिठ्ठी घ्यायचे, पेन मागायचे आणि डावा बॅक म्हणून माझं नाव खोडून पुतण्याचं घालायचे. पुतण्या उजव्या पायाचा! कोच आपला शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत गप उभा. सेमीला बाहेरनं स्ट्रायकर आणलेला. त्यानं आधी पाकीट उघडून नोटा मोजल्या, मग मोजे चढवले. आमी वर्षभर पहाटे मैदानावर दगडं वेचायची आणि मॅचला केळ्यांचं घड सांभाळायचं. लई राग हाय डोक्यात.

हरिपूरचा स्टॉपर
बाहेरच्यांवर कशाला घसरतोस? कोल्हापुरात तालमींच्या फुटबॉल टीमांनी आफ्रिकेतली पोरं आणून खेळवली, मैदान गच्च भरलं. मी तसल्या एका स्ट्रायकरच्या अंगावर खेळलोय. पहिल्या धक्क्यात लाईनबाहेर. दुसऱ्या हाफात कळलं की त्याला पाठ करू द्यायचीच नाही, चेंडू यायच्या आधी पुढं घुसायचं. ते मला कुठल्या स्थानिक प्रेमानं शिकवलं नव्हतं.

कुपवाडचा डावखुरा
तू खेळलास म्हणून शिकलास. मी बाकावर बसून काय शिकू, केळी सोलायला? आणि दर वेळी कोल्हापूर कोल्हापूर काय? त्यांच्याकडं स्टेडियम हाय, तालमी हायत, मटण खाऊन मॅचला येणारं पब्लिक हाय. तिथला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडनं खेळला. आपला कोण? आपल्या पोराला एक सीझन तरी सलग खेळवलंय का कुणी?

मिरज जंक्शन
सांगलीकरांनी रडू नये. मिरजेत तुमच्या आधीपासून फुटबॉल आहे.

वखारभागवाला
आलं! मिरज आधी की सांगली आधी. जरा रेल्वे जंक्शनचं पण सांगा म्हणजे पूर्ण होईल.

मिरज जंक्शन
तुम्ही पोस्टीचं नाव घेऊन माझ्यावर लेख लिहिला, मी दोन ओळी बोललो तर झोंबलं? मैदानावर कधी उतरलाय का? टीव्हीसमोर बसून करार वाचणारी माणसं तुम्ही.

वखारभागवाला
उतरलोय. आणि दोन वर्षं मंडळाचा खजिनदार होतो, म्हणून तर बोलतोय. कोचनं भांडून एक मिडफिल्डर आणायला लावला, राहायची सोय आणि जेवणाचा डबा आमच्या डोक्यावर. गणपतीनंतर कोच दुसऱ्या मंडळात गेला. डब्याचं बिल घेऊन खानावळवाली माझ्या दारात. कोचच्या नाही.

अकरा नंबरची आई
एक विचारू का सगळ्यांना? आमच्या मुलींच्या टीममध्ये निवडीवरून कधीच भांडण होत नाही, कारण त्यात पैसाच नाही. इथं भरती म्हणजे घरोघरी जाऊन मनधरणी. कोच सरांना एक गोलकीपर हवी होती, उंच, हात चांगले. तिच्या घरी तीन जणी गेलो. आजी म्हणाल्या, हाफ पँट चालणार नाही. लेगिंग घालून खेळेल म्हटल्यावर चहा आला. तुमचा डायरेक्टर असो की मॅनेजर, आजींकडे कोण जाणार ते ठरवा आधी.

विश्रामबाग ०९
ताई, हेच तर डायरेक्टरचं काम आहे. सरांनी सांगितलं कसली पोरगी हवी, तुम्ही शोधून, घर पटवून आणली.

मिरज जंक्शन
आणि सरांनी सांगितल्याशिवाय गेल्या नाहीत. ताई, तुम्ही माझ्या बाजूला.

अकरा नंबरची आई
मी कुणाच्या बाजूला नाही. ती मुलगी गोलकीपर झालीच नाही, सर आता तिला पुढं खेळवतात. कुणी विचारलं नाही मला.

हरिपूरचा स्टॉपर
माझं मत: यादी क्लबनं करावी, मॅनेजरला फक्त 'हा नको' म्हणायचा अधिकार. 'हाच हवा' म्हणायचा नाही.

मिरज जंक्शन
बरं. नकाराचा अधिकार तेवढा राहिला तर मी चर्चेला बसतो. पण लेखी पाहिजे. कीगनला तोंडी शब्द दिलेला.

वखारभागवाला
लेखी देऊ, स्टॅम्प पेपरवर, खर्च तुमचा. आणि मॅनेजर गेला की त्यानं नकार दिलेल्यांची यादी पण जपून ठेवायची. एखादा सालाह निघाला तर कोणामुळं हुकला ते कळू दे.

कुपवाडचा डावखुरा
आणि दानशुरांना काय अधिकार? त्यावर कोणच बोलंना. तिथं सगळे गप, कारण पुढच्या महिन्यात स्पर्धा हाय आणि बक्षिसाची रक्कम त्यांचीच.

हरिपूरचा स्टॉपर
पुतण्या अजून खेळतो का?

कुपवाडचा डावखुरा
न्हाई. आता त्यो निवड समितीत हाय.