मेडिकलवाल्याने गोळी दिली नाही, बहिणीला कुठे पाठवू?

ऐरोलीकर_ताई: माझी मावसबहीण १९ वर्षांची आहे, नेरूळला पीजीत राहते. काल रात्री कंडोम फाटला म्हणून सकाळी ती गर्भ राहू नये म्हणून घ्यायची गोळी आणायला गेली तर एका मेडिकलवाल्याने लग्न झालंय का विचारलं, दुसरा म्हणे डॉक्टरची चिठ्ठी आण, आजूबाजूला गिऱ्हाईकं उभी, मग ती तशीच परत आली आणि मला फोन करून रडतेय. मावशीला कळलं तर कॉलेजच बंद करतील. चिठ्ठी खरंच लागते का? आणि रूममेट म्हणते या गोळीने पुढे मूल होत नाही?

सिस्टर_कोपरखैरणे: ताई, आजच जा, तुम्हीच जाऊन घ्या. लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची एकच गोळी असते, चिठ्ठी लागत नाही, लग्नाचा तर संबंधच नाही. ७२ तासांच्या आत घ्यायची, पण वेळ आहे म्हणून थांबू नका, कारण ही गोळी बीज बाहेर पडणं लांबवते, ते एकदा सुटलं की फारसा उपयोग नाही. घेतल्यावर २ तासांत उलटी झाली तर परत घ्यावी लागते. पाळी थोडी पुढेमागे होईल, आठवड्यापेक्षा जास्त लांबली तर टेस्ट करा. मूल होत नाही वगैरे साफ खोटं. याने गर्भपातही होत नाही. फक्त दर वेळी हाच उपाय नको.

घोडबंदर_पालक: सिस्टर, राग मानू नका पण माझा मुलगा १६ चा आहे म्हणून विचारतो, हे सगळं इतकं सहज मिळायला लागलं तर मुलं बेफिकीर नाही का होणार? शाळेत तर या विषयाचा धडा बाईंनी घरी वाचा म्हणून सोडून दिला.

निवृत्त_मास्तर_ठाणे: अहो, मग घरी वाचून त्याला कळलं काय ते विचारलंत का? मोबाईलवर तो जे बघतोय त्यात कंडोम कसा वापरायचा, समोरच्याची संमती म्हणजे काय, यातलं काहीच नसतं. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, नोकरी गेली तरी मागे हटले नाहीत, आणि २००७ मध्ये याच राज्याने विरोधापुढे नमून शाळांमधलं लैंगिक शिक्षण थांबवलं, मला आजही त्याचा संताप येतो. १८ च्या आतल्यांशी लैंगिक संबंध हा पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे हे मुलाला स्पष्ट सांगाच, पण माहिती देण्यावर कसलीच बंदी नाही. सरकारी दवाखान्यांत १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथे फुकट बोलता येतं. निरोधही तिथे फुकट मिळतो.

घोडबंदर_पालक: ठीक आहे, बोलतो त्याच्याशी. सुरुवात कुठून करायची तेच सुचत नाही.

निवृत्त_मास्तर_ठाणे: त्याला काय माहितीये ते आधी विचारा आणि मध्ये न ओरडता पूर्ण ऐका.

ऐरोलीकर_ताई: मी गेले, लगेच दिली हो, मला कोणी काही विचारलंच नाही. तिने माझ्यासमोर घेतली. आता रोजच्या गोळ्या सुरू कराव्या म्हणते.

सिस्टर_कोपरखैरणे: छान केलंत. सरकारीत माला-एन फुकट आहे, पण आधी डॉक्टरला दाखवा, बीपी बघतील, अर्धशिशी असेल तर लपवू नको म्हणावं. आणि गोळ्या चालू असल्या तरी कंडोम हवाच, आजारांपासून गोळी वाचवत नाही. एकटी जायला घाबरत असेल तर तुम्ही सोबत जा.