मदत हवी आहे : जुन्या मोटारसायकलला हायड्रॉलिक स्टिअरिंग डॅम्पर कसा बसवावा?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९५० च्या दशकातली ५०० सीसीची ब्रिटिश सिंगल सिलिंडर गाडी आहे. तिला मूळचा घर्षणावर चालणारा डॅम्पर, म्हणजे हँडलचे झटके आवरणारा भाग, आहे. हँडलच्या मधोमध काळा नॉब, टी-स्टेममधून (हँडल आणि पुढच्या फोर्कला धरून फ्रेममध्ये फिरणारा भाग) आरपार गेलेला रॉड आणि तळाशी फायबरच्या चकत्या. नॉब पिळला की चकत्या आवळतात.

सरळ रस्त्यावर गाडीबद्दल काही तक्रार नाही. पण ७०-८० च्या वेगात, वळणावर झुकलेली असताना पुढचं चाक खड्ड्याच्या कडेवर आपटलं की हँडल झटकन डावी-उजवी मारतं आणि मग शांत होतं. नॉब आवळला तर झटके कमी होतात, पण गर्दीत हळू चालवताना हँडल आधी अडतं आणि मग एकदम सुटतं. तोल सावरायला लागणाऱ्या बारीक हालचालीच करता येत नाहीत. तेलाच्या, म्हणजे हायड्रॉलिक डॅम्परमध्ये हा त्रास नसतो. हँडल सावकाश फिरवलं तर तेल छिद्रातून सहज सरकतं, झटका बसला तरच ते अडवतं. बीएमडब्ल्यूने साठच्या दशकात आर६९एसला हायड्रॉलिक डॅम्पर दिला होता, त्यामुळे जुन्या गाडीवर तो विजोड दिसेल असं मला वाटत नाही.

बाकीचं सगळं आधीच तपासलंय. स्टेमच्या बेअरिंगच्या बॉल रेस, छर्रे आणि स्विंगआर्मची बुशं नवी आहेत, स्पोक ताणून घेतलेत, दोन्ही चाकं दोरी लावून एका रेषेत आणलीत. पुढचा टायरही नवा आहे.

माझ्याकडचा डॅम्पर सरळ दांड्याचा आहे, स्ट्रोक (दांडा आत-बाहेर सरकतो ते एकूण अंतर) ६५ मिमी. हँडल दोन्ही बाजूंना साधारण ३५ अंश फिरतं. फ्रेमला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग तर मुळीच नाही. ही फ्रेम इतकी वर्षं जशीच्या तशी टिकलीय, ती माझ्या हातून बिघडू नये एवढीच इच्छा. तर डॅम्परचं एक टोक फ्रेमवर कुठे आणि दुसरं फोर्कवर कुठे धरावं? आणि हा स्ट्रोक पुरेल का?

प्रतिसाद :

स्ट्रोकचा हिशेब आधी करा, जागा त्यावरूनच ठरेल. स्टेमच्या मध्यापासून फोर्ककडच्या बॉल जॉइंटपर्यंतचं (डॅम्परचं टोक जिथे फिरतं तो सांधा) अंतर ६० मिमी धरलं, तर लॉकपासून लॉकपर्यंत (हँडल एका बाजूला पूर्ण वळल्यापासून दुसऱ्या बाजूला पूर्ण वळेपर्यंत) दांडा २ × ६० × साइन ३५, म्हणजे जवळपास ६९ मिमी सरकणार. तुमचा डॅम्पर त्याआधीच तळाला लागेल. हे फार धोक्याचं आहे. हँडल पूर्ण वळायच्या आत अडकेल आणि सगळा धक्का दांड्यावर न् क्लॅम्पवर येईल. लॉकचं काम फ्रेमच्या स्टॉपरनेच करायला हवं. अंतर ५० मिमी ठेवलंत तर ५७-५८ मिमी लागतील आणि दोन्ही टोकांना साडेतीन-चार मिमी मोकळे राहतील. मात्र अंतर कमी केल्याने डॅम्परचा जोर सुमारे तीस टक्क्यांनी घटतो, तो सेटिंग वाढवून भरून काढा.

फोर्ककडचं टोक टी-स्टेमच्या खालच्या प्लेटला धरा. फोर्कच्या नळीवर क्लॅम्प आवळू नका, पातळ नळी दबली तर फोर्क अडकतो. फ्रेमकडे पुढच्या उतरत्या नळीवर दोन भागांचा रुंद क्लॅम्प, आत पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा. अरुंद क्लॅम्प झटक्यासरशी नळीभोवती फिरतो.

लोक हमखास विसरतात ते वेगळंच. हँडल सरळ असताना दांडा बरोबर अर्ध्या स्ट्रोकवर हवा आणि स्टेम ते बॉल जॉइंट या रेषेशी काटकोनात हवा. शिवाय तो जमिनीला समांतर नको. स्टेम कललेला असतो, म्हणून दांडाही स्टेमशी काटकोन करून तेवढाच कलता बसवायचा. नाहीतर लॉकला जाताना बॉल जॉइंट पिळवटतो.

प्रतिसाद :

वरचं सगळं पटलं, पण मी आधी चकत्या काढून बघितल्या असत्या. स्टेमच्या खालच्या बेअरिंगचं ग्रीस उतरून त्यांच्यावर येतं. आणि डॅम्परने झटके थांबतात, पण मोठ्या वेगात मागची बाजू सावकाश झुलत असेल तर डॅम्पर जास्त कडक केल्याने ते झुलणं वाढू शकतं. म्हणून शक्य तितकं हलकं सेटिंग ठेवा.

धागाकर्ता :

आजच चकत्या काढल्या. एक आरशासारखी चकचकीत झालीय, दुसरीवर ग्रीसचा काळा थर होता. पेट्रोलने धुऊन पॉलिश पेपरने घासल्यात. नॉब थोडासाच आवळला तरी आता पकड लागते, पण हळू चालवताना अडणं-सुटणं तसंच आहे. त्यामुळे हायड्रॉलिकच बसवणार, ५० मिमीवर. नॉब जागेवर राहू दिला तर चालेल ना?

प्रतिसाद :

चालेल, फक्त पूर्ण सैल ठेवा. दोन्ही एकदम लावले तर घर्षणाचा त्रास पुन्हा सुरू. बसवायच्या आधी डॅम्पर हातात आडवा धरून दांडा आत-बाहेर करा. दिशा बदलताना मध्येच पोकळ लागला तर आत हवा आहे किंवा तेल कमी आहे, तसा लावू नका. बसवल्यावर पुढचं चाक उचलून सर्वात हलक्या सेटिंगवर हँडल मध्यापासून जरासं ढकला, ते सावकाश पण न अडकता आपोआप लॉकपर्यंत गेलं पाहिजे. दोन्ही लॉकला क्लच आणि ब्रेकच्या केबल ताणल्या जात नाहीत ना, तेही बघा आणि मगच गाडी रस्त्यावर काढा.