रुग्णच नाहीत, तर डोस कशाला?

"२०११ नंतर देशात पोलिओचा रुग्ण नाही, मग अजून डोस कशाला?" असं एकाने विचारलंय. नैसर्गिक पोलिओ विषाणूची देशातली शेवटची रुग्ण २०११मधली पश्चिम बंगालच्या हावड्यातली मुलगी, हे खरंच. पण रुग्ण नाहीत हे कळतं कसं? १५ वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, की कारण काहीही वाटो, किमान २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घेऊन बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत पाठवतात. मुंबईत २००१पासून सांडपाणीही तपासतात, कारण बहुतेक बाधित मुलांना लक्षणंच नसतात. आणि पाकिस्तान-अफगाणिस्तानात विषाणू अजून फिरतोय, तिथून तो पुन्हा इथे येऊ शकतो, म्हणून डोस. परवाच भाचीच्या डाव्या करंगळीवर डोस घेतल्याची शाईची खूण पाहिली, फार बरं वाटलं. कृपा करून डोस चुकवू नका.