शब्दचर्चा: ‘एस्केप सीक्वेन्स’ला मराठीत काय म्हणावं?

काठावरची

नमस्कार मंडळी. व्हिडिओ गेममधल्या संगीतावर मराठीत एक मोठा लेख लिहिते आहे आणि एका शब्दापाशी चार दिवस अडले आहे. खेळणारे ज्याला ‘एस्केप सीक्वेन्स’ म्हणतात, त्याला आपण काय म्हणायचं?

जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी माझ्या लेखातलंच उदाहरण सांगते. ‘ओरी अँड द ब्लाइंड फॉरेस्ट’ हा मून स्टुडिओजचा २०१५ सालचा खेळ. ओरी म्हणजे एक छोटा, पांढराशुभ्र, उजेडाचा जीव. ‘जिन्सो’ नावाच्या प्रचंड झाडाच्या पोटातून तो वर वर जातो आणि गाभ्यात पोचून नासलेलं पाणी पुन्हा निर्मळ करतो. तेच पाणी मग खालून उसळून त्याच्या मागे येतं. आता लढाई नाही, शोधाशोध नाही, फक्त वर जायचं. पाण्यानं गाठलं की मेलात. एरवी या खेळात जवळ ऊर्जा असेल तर वाटेत आपली खूण करून ठेवता येते आणि मेल्यावर तिथून पुढे खेळता येतं. इथे ती सोय नाही, सगळं एका दमात पार करावं लागतं. यावर गॅरेथ कोकरचं संगीत असं काही आहे की आठ-नऊ वर्षांनी ते नुसतं ऐकलं तरी माझे हात गार पडतात.

मला सुचलेले शब्द: पलायन, सुटका, पाठलाग, निसटणं. एकही पुरता बसत नाही. शिवाय ‘चॅलेंज’साठी आव्हान लिहू की आणखी काही?

उंबरझाड

‘पलायन’ पहिल्यांदा बाद करा. शब्द शुद्ध आहे, पण मराठीत त्याला भित्रेपणाचा वास आहे. कर्तव्य टाकून जातो तो पलायन करतो, ‘पलायनवाद’ही त्यातूनच आला. महाराज १६६६ साली औरंगजेबाच्या कैदेतून निघाले, त्याला आपण ‘आग्र्याहून सुटका’ म्हणत आलो आहोत. पलायन म्हटलेलं आपल्या कानाला खपत नाही.

पण ‘सुटका’ही तुमच्या कामाची नाही असं मला वाटतं. सुटका हा शेवट आहे. बाहेर आल्यावर ती झाली असं म्हणतात. आणि ती दुसरा कुणीही करू शकतो: पोलीस ओलिसांची सुटका करतात. तुम्हाला शेवटाचा नव्हे, मधल्या जीवघेण्या काळाचा शब्द हवा आहे.

आठबिटी

या प्रकाराचं थोडं मागचं सांगतो, त्यातून शब्द शोधायला मदत होईल.

१९८६च्या ‘मेट्रॉइड’मध्ये शेवटचा शत्रू मेला की खेळ संपत नाही. बॉम्बची घड्याळं सुरू होतात आणि उंच उभ्या भुयारातून वर पळावं लागतं. तोवर खेळ जिंकला की संपला अशी आमची सवय होती, त्यामुळे हा धक्काच होता. १९९४च्या ‘सुपर मेट्रॉइड’नं ते दोनदा केलं. सुरुवातीला अंतराळस्थानकातून ६० सेकंदांत बाहेर पडायचं, आणि शेवटी तीन मिनिटांत ग्रह सोडायचा. त्या तीन मिनिटांत एक आडवाट आहे. ज्या प्राण्यांनी आपल्याला आधी भिंतीवरून उड्या मारायला शिकवलं ते तिथे अडकलेले असतात. त्यांना सोडवायचं की नाही हे खेळ कुठेही विचारत नाही. घड्याळ पळत असताना मी पहिल्यांदा त्या वाटेला वळलो तो क्षण अजून तसाच्या तसा आठवतो.

म्हणून माझं मत ‘मुदत’ या शब्दाला. या प्रसंगांचा जीव मुदतीत आहे. आणि कृपा करून ‘उलटी गिनती’ लिहू नका, ती हिंदी. ‘उलटी मोजणी’ म्हणा.

काठावरची

आठबिटी, आडवाटेची आठवण खूप आवडली. पण जिन्सो झाडात आकडा नाहीच. पडद्यावर सेकंद दिसत नाहीत, फक्त पाणी दिसतं.

उंबरझाड

मग तर ते जुनंच घड्याळ झालं. घटिकापात्र आठवा. लग्नात मुहूर्त मोजायला पाण्यावर ठेवायचे ते भोकाचं भांडं. त्यात हळूहळू पाणी भरायचं, २४ मिनिटांनी ते बुडायचं आणि एक घटिका पुरी व्हायची. ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार त्यातलाच. वेळ संपते असं आपण म्हणतो, पण त्या भांड्यात ती भरत यायची. तुमच्या झाडातही वेळ भरतच येते की.

कृष्णाकाठ

आकड्यापेक्षा पाणी जास्त भीती घालतं, हे आम्हा सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. २०१९च्या पुरात ‘पाणी वाढलं’ असं फारसं कुणी म्हणत नव्हतं. सगळ्यांच्या तोंडी एकच, ‘पाणी चढतंय’. वाढणं तांदळाचं, पोराचं. चढणाऱ्या गोष्टीचा जिना होतो, ती एकेक पायरी घेत येते.

म्हणून ‘पाठलाग’ मला चुकीचा वाटतो. पाठलाग करणाऱ्याला तुम्ही हवे असता. पाण्याला कुणीच नको असतं, ते नुसतं चढतं.

आठबिटी

मान्य. खऱ्या पाठलागाचं उदाहरण हवं असेल तर ‘सेलेस्ट’ घ्या, २०१८चा. त्याच्या दुसऱ्या भागात नायिकेची सावलीसारखी प्रतिकृती तिच्या मागे लागते आणि नायिकेनं केलेल्या हालचाली, उड्या, वळणं सगळं थोड्या वेळानं जसंच्या तसं करते. थबकलात की स्वतःच्याच मागच्या पावलांच्या हाती सापडता. तिथे ‘पाठलाग’ शंभर टक्के बरोबर. जिन्सोत नाही.

धाधिंना

मी तबला शिकवते, खेळांतलं मला कळत नाही. पण ही चर्चा वाचून मुलाला तो झाडाचा प्रसंग खेळून दाखवायला सांगितलं. तीन बाबी लिहिते.

पहिली ‘लय’ या शब्दाबद्दल. ‘संगीताचा वेग वाढतो’ असं लोक सरसकट लिहितात, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळतात. लय चढणं म्हणजे मात्रांमधलं अंतरच कमी होणं. दुगुन म्हणजे लय तीच ठेवून एका मात्रेत दुप्पट बोल वाजवणं. ऐकणाऱ्याला दोन्हीत गर्दी जाणवते, पण पहिल्यात पायाखालची जमीन सरकते आणि दुसऱ्यात जमीन स्थिर राहून वरची वर्दळ वाढते. लिहिताना हे वेगळं सांगा.

आठबिटी

याची खेळांतली उदाहरणं देतो. १९७८च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये चारच खर्जातले स्वर फिरत राहतात, आणि शत्रू कमी होत जातील तसे ते जवळ जवळ येत जातात. ती चढती लय. १९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये घड्याळात १०० उरले की एक छोटी इशाऱ्याची धून वाजते आणि मग तीच चाल भराभर वाजू लागते. तीही चढती लय, फक्त एका पायरीत चढलेली. संगीत घाई करायला लागलं की बोटं चुकतात, हे आम्ही लहानपणीच शिकलो.

धाधिंना

दुसरी गोष्ट ‘चढणे’. कृष्णाकाठ यांनी पाण्याबद्दल लिहिलं ते वाचून मी थबकले, कारण आमच्याकडेही हेच क्रियापद. लय चढते. सूर चढा लागतो. आणि पडद्यावर तो पांढरा जीव झाड चढतो आहे. पाणी, लय, सूर आणि ओरी या चौघांना मराठीत एकच क्रियापद पुरतं. काठावरची, तुम्ही नाम शोधत बसलात, पण तुमचा परिच्छेद या एका क्रियापदावर उभा राहील.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. माझा मुलगा कितीतरी वेळा मेला. दर वेळी तो खालून सुरू करत होता, संगीत मात्र थांबत नव्हतं. ते पुढे चालूच होतं. मी विचारलं, हे बिघडलं आहे का? तो म्हणाला, नाही आई, ते तसंच आहे.

काठावरची

तुम्ही नेमकं तेच पकडलंत. ते मुद्दाम तसं आहे, आणि माझ्या लेखाचा अर्धा भाग त्यावरच आहे. ताई, तुमच्याकडे यासाठी शब्द आहे का?

धाधिंना

शब्द नाही, पण रोज घडणारी गोष्ट आहे. लेहरा.

एकल तबल्याच्या रियाजाला पेटी किंवा सारंगी एकच छोटी धून आवर्तनामागून आवर्तन वाजवत राहते. तोच लेहरा, काही जण नगमा म्हणतात. विद्यार्थी कायद्यात (बोलांच्या ठरलेल्या रचनेत) अडखळला, बोल घसरले, तिहाई (तीनदा वाजवायचा शेवटचा तुकडा) समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, आली नाही, तरी लेहरा थांबत नाही. थांबवायचा नसतो. मुलानं हात उचलायचा, ऐकायचं, पुढची सम पकडायची आणि पुन्हा शिरायचं. नव्या मुलांसाठी मी स्वतः पेटीवर लेहरा धरते, आणि ते चुकले की थांबायचा मोह मलाही होतो. थांबले तर मुलाला वाटतं, आपण मोडलं. चालू ठेवला तर वाटतं, आपण थोडं बाहेर गेलो होतो, आता परत आलो.

त्या झाडात संगीत लेहऱ्याचं काम करतं.

आठबिटी

हे वाचून बऱ्याच वर्षांचं एक कोडं सुटलं. ज्या खेळांत मेल्यावर संगीतही पहिल्यापासून सुरू होतं, तिथे पहिल्या दहा सेकंदांची धून इतकी कानात बसते की नंतर नकोशी होते, आणि पुढची कधी कानावरच पडत नाही. वीसदा मेलात तर वीसदा तोच मुखडा. जिन्सोत मी तिसाव्या खेपेला पार झालो असेन, पण पूर्ण रचना त्याआधीच अनेकदा ऐकून झाली होती. चुकणाऱ्यालाही ती सगळी मिळते.

एक तोटाही आहे. सुरावर उडी बांधता येत नाही. अमुक जागी अमुक स्वर असं होत नाही, कारण दर खेपेला संगीत भलत्याच ठिकाणी असतं. वाट डोळ्यांनी आणि बोटांनीच पाठ करावी लागते.

काठावरची

मला तो तोटा वाटत नाही. ज्या खेपेला मी पार झाले त्या खेपेला संगीताचा सगळ्यात भरलेला भाग, तंतुवाद्यं आणि गायकवृंद दोन्ही उसळलेली, नेमका शेवटच्या उड्यांवर आला. तो योगायोग होता. माझ्यासाठीच लिहिल्यासारखा वाटला, आणि कुणा दुसऱ्याला तो दुसऱ्या जागी मिळाला असेल.

आणखी एक. जिन्सोच्या आतच ओरी एक युक्ती शिकतो. शत्रू किंवा अंगावर आलेला गोळा धरला की क्षणभर काळ थांबतो, बाणानं दिशा ठरवायची, मग तो गोळा एकीकडे आणि आपण उलट दिशेला फेकले जातो. सुटताना हीच युक्ती पुन्हा पुन्हा लागते. पडद्यावर सगळं गोठलेलं आणि संगीत मात्र चालू, अशा त्या अर्ध्या क्षणात जितकी घाई वाटते तितकी पळतानाही वाटत नाही.

उंबरझाड

‘घाई’ नको. घाई ही माणसाच्या स्वभावात असते, बसची असते, लग्नाची असते. इथे ‘निकड’ लिहा. निकड परिस्थितीतून येते.

आणि ‘चॅलेंज’ला ‘आव्हान’च, पण टंकताना सांभाळा. ‘आव्हान’ संस्कृत ‘आह्वान’वरून आलेलं, लढायला पुकारणं. ‘आवाहन’ म्हणजे बोलावणं, पूजेत देवतेला करतात ते किंवा रक्तदानासाठी लोकांना करतात ते. छापील मजकुरातही या दोघांची अदलाबदल सर्रास दिसते आणि दर वेळी मला वाईट वाटतं, कारण दोन्ही शब्द आपापल्या जागी फार सुंदर आहेत.

खेळानं खेळाडूपुढे ठेवलेल्या अवघडपणासाठी मात्र मी ‘कस’ सुचवेन. ‘या प्रसंगात कस लागतो.’ आव्हान बाहेरून दिलं जातं, कस आतला लागतो.

कृष्णाकाठ

पण एकही खूण न ठेवता सगळं एका दमात करायला लावणं हा कस की जाच? माझ्या धाकट्या भावानं तिथेच खेळ सोडला, पुन्हा हात लावला नाही.

काठावरची

प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्यासारखे बरेच असणार. मध्ये एखादी खूण असती तर मला तो प्रसंग तुकड्यातुकड्यांत आठवला असता, म्हणून मी कस म्हणेन. तुमच्या भावाला कुणी जाच म्हणू नको असं सांगणार नाही. लेखात दोन्ही शब्द ठेवते.

आता मूळ प्रश्न राहिलाच.

उंबरझाड

‘निसटणं’ का सोडलंत? मला तोच सगळ्यांत जवळचा वाटतो. ‘पोबारा करणे’मध्ये खट्याळपणा आहे. तसा तो मूळचा सोंगट्यांच्या खेळातला, फाशांवर पडणारं दान, म्हणजे खेळाचाच शब्द. तरी इथे नको. ‘गुंगारा देणे’, ‘हातावर तुरी देणे’ यांना फसवायला समोर माणूस लागतो. ‘निसटणे’ला कुणी लागत नाही, फक्त एक आवळत येणारी जागा लागते.

काठावरची

सोडलं, कारण ‘निसटणं’ उलटंही चालतं. साबण निसटतो, संधी निसटते. वाचणाऱ्याला वाटेल की ओरीच्या हातून काहीतरी गेलं.

उंबरझाड

तेच तर त्याचं बळ. कठडा हातून निसटला की मेलात, पाण्यातून निसटलात की वाचलात. पडणं आणि वाचणं दोन्हीला एकच क्रियापद, दोन्हींत बोटभर अंतर. वर्तमानपत्रंसुद्धा ‘निसटता विजय’ लिहितात आणि ‘निसटता पराभव’ही.

आठबिटी

मग ‘निसटती धाव’?

कृष्णाकाठ

क्रिकेट आठवेल. शेवटच्या चेंडूवर कशीबशी काढलेली एक धाव. आणि ओरी धावतो कुठे, तो तर चढतो.

काठावरची

बरोबर. मग असं करते. प्रकाराचं नाव म्हणून सरळ ‘सुटकेचा प्रसंग’, वाचक अडणार नाही. वर्णनात मात्र ‘निसटणं’ आणि ‘चढणं’. कच्चा परिच्छेद टाकते, सांगा:

‘पाणी चढत होतं. लय चढत होती. ओरी प्रत्येक फांदीवरून थोडक्यात निसटत होता, कधी पाण्यातून, कधी माझ्या हातून. मी मेले की झाड पुन्हा तळापासून सुरू व्हायचं, संगीत नाही. ते धरून ठेवलेल्या लेहऱ्यासारखं चालू राहायचं, मी परत आत शिरेपर्यंत. शेवटी पाणी खाली राहिलं आणि तो सुटला.’

धाधिंना

छान झालंय. ‘धरून ठेवलेल्या’ नको, नुसतं ‘धरलेल्या लेहऱ्यासारखं’ लिहा. लेहरा धरतात, धरून ठेवत नाहीत.

उंबरझाड

शेवटचं ‘सुटला’ तसंच राहू द्या. सबंध परिच्छेदात ते एकदाच आलं आहे.