मदत हवी आहे: हायवेला १०० वर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) जास्त वाटतो, पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) १६ दातांचं टाकावं का?

घाटवाट:

गाडी केटीएम ड्यूक ३९०, २०१९ ची, ३७३ सीसी. ३४,००० किमी झाले. मागचा टायर १५०/६०-१७. स्प्रॉकेट मूळ मापाचीच आहेत, पुढे १५ आणि मागे ४५ दात. चेन किट बदलून ११,००० किमी झाले आहेत. इंजिन ऑइल गेल्या महिन्यात बदललं.

वापर बहुतेक पुणे–सातारा–कोल्हापूर, महिन्यातून दोनदा, निम्म्या वेळा डबल सीट.

सहाव्या गिअरला सपाटीवर मीटर १०० दाखवतो तेव्हा आरपीएम ५७०० असतो. तासाभरात हाताला मुंग्या येतात. नवले पुलाकडून नव्या कात्रज बोगद्याच्या चढावर, डबल सीट, सहाव्यातच पूर्ण थ्रॉटल दिला तर मीटर ७० आणि आरपीएम ४३५० च्या आसपास.

पुढे १६ दातांचं टाकलं तर आरपीएम नेमका किती उतरेल? इंजिनवर ताण येईल का? आणि स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवायला लागेल का?

दात_मोजा:

आधी हिशेब करू.

या इंजिनाचं प्रायमरी (इंजिन ते गिअरबॉक्सची दातांची जोडी) ३० ला ८०, म्हणजे २.६६७. सहावा गिअर २५ ला २१, म्हणजे ०.८४. शेवटी चेन १५ ला ४५, म्हणजे ३. तिन्हींचा गुणाकार ६.७२. मागचं चाक एकदा फिरायला इंजिनाला ६.७२ फेरे मारावे लागतात.

आता टायर. १७ इंची रिम म्हणजे ४३१.८ मिमी, त्यात दोन्ही बाजूंच्या भिंती ९०-९० मिमी. व्यास ६११.८, परीघ १९२२ मिमी. हा कागदावरचा आकडा झाला. माणूस बसला की टायर खाली दबतो आणि एका फेऱ्यातलं खरं अंतर दोन-तीन टक्क्यांनी कमी भरतं. मी १.८८ मीटर धरतो. खात्री करायची तर टायरला खडूने खूण करा, कुणाला तरी गाडीवर बसवून पाच फेरे ढकला आणि टेप लावा.

खरा वेग ताशी ८० असताना चाक मिनिटाला ७०९ फेरे घेतं, म्हणून इंजिन ४७६६ वर. खऱ्या १०० ला ५९५७. पुढे १६ दात टाकले की हे आकडे ४४६८ आणि ५५८५ होतात. म्हणजे ८० ला सुमारे ३०० आणि १०० ला ३७० आरपीएमची उतरण, सव्वासहा टक्के. पाचव्या आणि सहाव्या गिअरमध्ये जवळपास १४ टक्क्यांचं अंतर आहे, तेव्हा एक दात वाढवणं म्हणजे जेमतेम अर्धा गिअर. ‘सातवा गिअर मिळाल्यासारखं वाटेल’ असं कोणी सांगितलं असेल तर तसं होणार नाही.

तुमच्या ५७०० वरून उलटा हिशेब केला तर खरा वेग ९५-९६ येतो. स्पीडोमीटर नेहमी थोडा जास्तच दाखवतो, खऱ्यापेक्षा कमी दाखवायची त्याला परवानगीच नसते. त्यामुळे तुमचं सपाटीवरचं रीडिंग अगदी बरोबर आहे.

स्पीडोमीटरचं उत्तर गाडी वेग कुठून मोजते यावर आहे. सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर स्प्रॉकेट बदलल्यावर आकडा बिघडतो. चाकावरच्या एबीएस रिंगवरून मोजत असेल तर काही फरक पडत नाही. तपासायला गाडी पॅडॉक स्टँडवर घ्या, मागचं चाक पूर्ण उचला आणि पहिल्या गिअरमध्ये नुसतं आयडलवर फिरू द्या. मीटरवर शून्यच राहिलं तर वेग पुढच्या चाकावरून येतो. या वेळी एबीएसचा दिवा लागेल. इग्निशन एकदा बंद करून पुन्हा चालू केलं आणि गाडी थोडी चालवली की तो जातो. बोटं आणि पँटची कड चेनपासून लांब ठेवा.

सव्वाशे_एनएम:

दात_मोजा यांचा हिशेब बरोबर आहे. पण धाग्यातली खरी बातमी चढावरच्या रीडिंगमध्ये आहे.

सपाटीवर मीटर १०० ला ५७०० म्हणजे मीटरवरच्या दर किलोमीटरला ५७ आरपीएम. सहाव्या गिअरमध्ये हे गुणोत्तर बदलूच शकत नाही, कारण इंजिन ते चाक सगळं दातांनी बांधलेलं आहे. चढ असो, उतार असो, डबल सीट असो. ७० ला आरपीएम ३९९० च असायला हवा. तुम्हाला ४३५० दिसतोय. मधले ३६० फेरे कुठे गेले? या साखळीत दात नसलेली जागा एकच, क्लच. तुमचा क्लच घसरतोय.

सपाटीवर कळत नाही कारण तिथे टॉर्क कमी लागतो. खालच्या गिअरमध्येही घसरत असणार, पण तिथे आरपीएम तसाही झरझर चढतो, म्हणून लक्षात येत नाही. वरच्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल बराच वेळ टिकतो, तिथे उघडं पडतं.

पक्कं करायला मोकळा सरळ रस्ता बघा. इंजिन पूर्ण गरम असू द्या. चौथ्या गिअरमध्ये ५००० वर स्थिर व्हा आणि एकदम पूर्ण थ्रॉटल द्या. ६००० ला मीटर ७७ च्या आसपास हवा. आरपीएम उडी मारून पुढे गेला आणि वेग मागून आला, तर शंका नको.

या अवस्थेत १६ दात टाकू नका. चाकावर तेवढाच जोर हवा असेल तर उंच गिअरिंगमध्ये क्लचमधून साडेसहा-पावणेसात टक्के जास्त टॉर्क जावा लागतो. आज चढावर घसरतो तो उद्या समोरच्या वाऱ्यातही घसरेल, प्लेटा जळतील आणि दोष स्प्रॉकेटच्या माथी जाईल.

दोन गोष्टी आजच बघा. क्लच लिव्हरच्या टोकाला मोकळा प्ले (जोर लागायच्या आधीची मोकळी हालचाल) किती आहे? १ ते ३ मिमी हवा. केबलच्या क्लचमध्ये प्लेटा झिजतात तसा हा प्ले वाढत नाही, कमी होत जातो. शून्यावर आला की केबल प्लेटांना पूर्ण मिटूच देत नाही. दुसरं, गेल्या महिन्यात टाकलेल्या ऑइलच्या डब्यावर ‘जासो एमए२’ (ऑइलात बुडालेल्या क्लचच्या दुचाकींसाठीचं मानक) लिहिलेलं आहे का?

चारगिअरी:

मध्येच विचारतो. माझी १०० सीसी, चार गिअरची. तिलाही पुढे एक दात वाढवून हायवेला फायदा होईल का?

दात_मोजा:

नाही. छोट्या इंजिनाची ताकद ७०-८० ला जवळपास संपलेली असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी ताकद घनाने. ८० वरून १०० ला जाताना हवेसाठीच जवळजवळ दुप्पट ताकद लागते. १०० सीसीमध्ये दात वाढवले तर चौथा गिअर समोरच्या वाऱ्यात ओढतच नाही, तुम्ही तिसऱ्यात अडकता आणि टॉप स्पीड उलट घटतो. ३९० कडे शिल्लक ताकद आहे, म्हणून तिथे निदान विचार करता येतो.

घाटवाट:

मोजलं. पाच फेऱ्यांना ९ मीटर ४२ सेंमी, म्हणजे १.८८४. लिव्हरला प्ले अजिबात नाही. ऑइलच्या डब्यावर जासोचा उल्लेखच नाही. गॅरेजवाल्याने कारचं ऑइल टाकलेलं आहे. चौथ्या गिअरच्या चाचणीत ६००० ला मीटर ७१ होता.

सव्वाशे_एनएम:

मग कारण सापडलं, प्ले आणि ऑइल दोन्ही एकत्र आहेत.

कारमध्ये क्लच कोरडा असतो, इंजिन ऑइलचा त्याला स्पर्शही होत नाही. म्हणून कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं बिनधास्त घालतात, विशेषतः ज्यांच्यावर ‘एनर्जी कन्झर्व्हिंग’ लिहिलेलं असतं त्यात. आपल्या गाड्यांमध्ये क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. ती रसायनं फायबर प्लेटांमध्ये मुरतात आणि पकड जाते.

आता या क्रमाने करा. इंजिन गरम असताना ऑइल पूर्ण काढा, फिल्टर बदला, जाळी साफ करा. १५डब्ल्यू-५०, जासो एमए२ ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने भरा. लिव्हरचा प्ले २ मिमी ठेवा. हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून प्ले बदलत नाही ना ते बघा. बदलत असेल तर केबल कुठेतरी ओढली जाते आहे. साधारण ३०० किमी चालवा आणि त्याच चढावर पुन्हा रीडिंग घ्या.

तरीही घसरला तर प्लेटा उघडाव्या लागतील. फायबर प्लेटांची जाडी आणि स्प्रिंगची लांबी सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून बघा. स्टील प्लेटांवर निळे डाग असतील तर त्या तापून वाकलेल्या असू शकतात. काचेवर ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासा. क्लच बास्केटच्या (प्लेटा ज्यात बसतात त्या डब्याच्या) बोटांवर खाचा पडल्या आहेत का तेही पाहा. नव्या फायबर प्लेटा बसवण्यापूर्वी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजत ठेवा. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच चढावर जळू शकतात. जुन्या प्लेटा पेट्रोलने धुऊन, सँडपेपर मारून परत घालायचा सल्ला गॅरेजमध्ये मिळेल. तो घेऊ नका, मुरलेलं रसायन वरवर घासून निघत नाही.

शांत_हँडल:

मुंग्यांबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. मूळ त्रास तोच होता.

मुंग्या इंजिनाच्या आरपीएमशी बांधलेल्या आहेत की वेगाशी, हे आधी ठरवा. पाचव्या गिअरमध्ये ५७०० वर जा, मीटर साधारण ८८ दाखवेल. तिथेही हँडल तसंच झिणझिणत असेल तर ते इंजिनाचं कंपन. पाचव्यात ८८ ला आलं नाही, पण १०० ला कोणत्याही गिअरमध्ये येतंय, तर चाकाचा बॅलन्स, टायरची हवा, चेनमधला घट्ट सांधा हे बघा.

इंजिनाचंच असेल तर १६ दातांनी ते जात नाही, फक्त सरकतं. आज मीटर १०० ला येतं ते १०७ ला येईल. तुम्ही १०० लाच चालवत राहिलात तर आराम वाटेल हे खरं, पण तेवढाच आराम मीटर ९४ ला चालवून आजही मिळतो, पैसे न घालता. शिवाय केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत चारपदरी महामार्गावर दुचाकीला कमाल वेग ८० ठरवला होता. तिथे तुमचा आरपीएम ४८०० च्या आत आहे आणि हे इंजिन जास्तीत जास्त टॉर्क ७००० ला देतं. त्याला ४८०० म्हणजे अजिबात त्रास नाही. लांब स्ट्रोकच्या जुन्या सिंगल-सिलिंडर गाडीवरून आलेल्यांना हा आकडा घाबरवतो, पण इथे स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) फक्त ६० मिमी आहे, पिस्टनचा वेग कमीच राहतो.

हँडलच्या टोकांची वजनं घट्ट आहेत का, इंजिन माउंटिंगचे बोल्ट मॅन्युअलच्या टॉर्कला आहेत का, ते तपासा. आणि ग्रिप सैल धरा. मनगटावर भार घेऊन बसलं की निम्म्या मुंग्या तिथूनच येतात, पोट आवळून बसा.

घाटवाट:

ऑइल-फिल्टर बदलून, प्ले २ मिमी ठेवून ३५० किमी झाले. त्याच चढावर ७० ला आता ४१५०. म्हणजे अजून थोडा घसरतोय. प्लेटांचा सेट मागवला आहे. पाचव्यात ५७०० ला मुंग्या येतात, म्हणजे इंजिनाच्याच. डावीकडचं टोकाचं वजन सैल होतं, ते घट्ट केल्यावर बराच फरक पडला.

प्लेटा बसल्यावर आणि ३९९० मिळाल्यावर १६ दातांचा विचार करू का? करायचा तर काय सांभाळायचं?

दात_मोजा:

एकटे आणि सपाटीवर जास्त जाणार असाल तर करा. निम्म्या वेळा डबल सीट घाट असेल तर मी १५ च ठेवेन. पिकअप त्याच सव्वासहा टक्क्यांनी उतरतो आणि शहरात पहिल्या गिअरला क्लच जास्त वेळ अर्धा धरावा लागतो, जे तुमच्या नव्या प्लेटांना नको आहे.

करायचंच ठरलं तर पुढच्या चेन किटबरोबर करा. ११,००० किमी चाललेल्या चेनवर नवं स्प्रॉकेट लवकर खाल्लं जातं. चेनची झीज मोजायला ताणून धरलेल्या २० कड्यांची लांबी पिनच्या मध्यापासून मध्यापर्यंत घ्या. नव्या ५२० चेनमध्ये ती ३१७.५ मिमी असते. ३२० च्या पुढे गेली असेल तर नुसतं स्प्रॉकेट बदलण्यात अर्थ नाही.

१६ दातांचा व्यास १५ पेक्षा ५ मिमी मोठा, म्हणजे चेन चहूबाजूंनी अडीच मिमी बाहेर येते. कव्हर काढून चेन आणि केसिंगमधली (इंजिनाच्या कवचामधली) सर्वांत अरुंद जागा मोजा. आज ५ मिमीपेक्षा कमी असेल तर बसवू नका. चेन ढिली पडली की ती उसळून केसिंगला लागते आणि केसिंग फुटण्याचा खर्च फार मोठा आहे. मागचा ॲक्सल सुमारे ४ मिमी पुढे घ्यावा लागेल, तेवढी जागा ॲडजस्टरमध्ये उरली आहे का पाहा.

दुसरा मार्ग मागे ४५ ऐवजी ४२. गुणोत्तर २.८, जवळपास तेच, आणि केसिंगचा प्रश्न येत नाही. पण ॲक्सल सुमारे १३ मिमी मागे जातो, तेवढी जागा नसेल तर चेनची दोन कडी कमी करावी लागतात.

एक बारीक गोष्ट. चेनच्या कड्या नेहमी सम संख्येत असतात. पुढे १५ सारखे विषम दात असले की प्रत्येक दात आळीपाळीने आतल्या आणि बाहेरच्या कडीत बसतो, झीज सारखी होते. १६ ला प्रत्येक दाताला कायम एकाच प्रकारची कडी मिळते. एवढ्याने लगेच काही बिघडत नाही, पण मागे ४२ करून पुढे १५ ठेवणं मला म्हणून जास्त पटतं.

सव्वाशे_एनएम:

प्लेटा बसवल्यावर पहिले ५०० किमी पूर्ण थ्रॉटल टाळा. मग त्याच चढावर, त्याच वजनात, ७० ला रीडिंग घ्या आणि इथे टाका. ४००० च्या जवळ आला नाही तर स्प्रिंग आणि प्रेशर प्लेट बघावी लागेल.