मदत हवी आहे: लीड्स सीआरएममध्ये अर्ध्याच पोचतात, टेस्ट मात्र दर वेळी पास

कोरा कागद
जाहिरातीच्या फॉर्मवर आलेल्या लीड्स (फॉर्म भरणाऱ्यांची नावं-नंबर) आपोआप सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, जायला हव्यात. जोडणी करून घेतली आहे, चालू दिसते. तरी काही लीड्स येतात आणि काही येतच नाहीत. टेस्ट लीड पाठवली की ती व्यवस्थित पोचते, त्यामुळे जोडून देणारा माणूस म्हणतो "माझ्या बाजूने सगळं बरोबर आहे". सेल्सची मुलं रोज विचारतात. काल तर एका ग्राहकाचाच फोन आला, फॉर्म भरला तरी कुणी संपर्क का केला नाही म्हणून. शोधलं तर सीआरएममध्ये त्यांचं नावच नाही. नवीन जाहिरात लावायची आहे, त्याआधी हे सुटायला हवं. कुणी हे काम केलं असेल तर प्लीज लवकर सांगा.

अनुस्वार
फॉर्म कुठला? सीआरएम कुठलं? दोन्हीच्या मध्ये काय बसवलंय? थेट जोडणी आहे की झॅपियर, मेक असं दोन सॉफ्टवेअर जोडणारं काही? एवढं लिहिल्याशिवाय सांगणार काय?

सुतारपक्षी
मधलं साधन काढून टाका आणि स्वतःचा वेबहुक (लीड आली की आपोआप कळवणारी जोडणी) लिहून घ्या, हे माझं स्पष्ट मत. मेटाचा, म्हणजे फेसबुकवाल्यांचा फॉर्म असेल तर एक गोष्ट मात्र आधी समजून घ्या. वेबहुकमध्ये माणसाचं नाव किंवा फोन येत नाही. लीडचा आयडी, फॉर्मचा आयडी, पेजचा आयडी, जाहिरातीचा आयडी आणि वेळ, असंच काय ते येतं. तो लीड आयडी घेऊन ग्राफ एपीआयला (मेटाकडून कोडने माहिती मागायची सोय) पुन्हा विचारावं लागतं, तेव्हा उत्तरं मिळतात. त्यासाठी ॲपला लीड्स रिट्रीव्हलची परवानगी हवी. आणि एकच लीड दोनदा येऊ शकते हे धरूनच कोड लिहायचा. आयडी आधी नोंदलेला असेल तर ती लीड पुन्हा पुढे पाठवायची नाही.

कोरा कागद
कोड लिहायला माणूस नाही आमच्याकडे. फॉर्म फेसबुकच्या जाहिरातीचा आहे, बाकी सगळं नेहमीचंच.

अनुस्वार
नेहमीचं म्हणजे काय ते आम्हाला इथून कसं दिसणार? सीआरएमचं नाव लिहा.

मधली सुट्टी
मला खात्री आहे हा लीड्स ॲक्सेसचा प्रश्न आहे. बिझनेस सेटिंग्जमध्ये इंटिग्रेशन्सखाली लीड्स ॲक्सेस आहे, तिथे जा. कुणी एकदा का तिथे "कोणाकोणाला लीड्स दिसाव्यात" हे हाताने ठरवलं, की जोडलेल्या सीआरएमचं किंवा मधल्या ॲपचं नावही तिथेच द्यावं लागतं. नाहीतर पेजचा ॲडमिन सगळं पाहू शकतो आणि ॲपच्या हाती काही लागत नाही. आमचं कितीतरी दिवस यातच अडकलं होतं.

अनुस्वार
पण तसं असेल तर एकही लीड येणार नाही. त्यांच्याकडे काही येताहेत. टोकन (जोडणीची डिजिटल किल्ली) संपलं, पासवर्ड बदलला, परवानगी गेली, या सगळ्यात नळ एकदम बंद होतो. इथे थेंब थेंब गळतंय. तेव्हा लीडमध्येच काहीतरी फरक असणार.

मधली सुट्टी
पेजेस दोन असली तर? एकाला परवानगी आहे आणि दुसऱ्याला नाही, असं असू शकतं ना. तपासून बघायला काय हरकत आहे?

दीपमाळ
सीआरएम हवंच कशाला? लीड्स गूगल शीटमध्ये उतरवा, सगळ्यांना दिसतात, रंग देता येतात, फोन झाला की पुढे टिक. आमची टीम लहान आहे आणि आमचं उत्तम चाललंय. आधी शीट, मग गरज लागली तर सीआरएम.

खिडकीपाशी
शीटचे त्रास वेगळे आहेत, दीपमाळ. फोन नंबर प्लस चिन्हासकट आला की शीट त्याला साधा आकडा समजते आणि प्लस जातं. शून्याने सुरू होणाऱ्या नंबरचं शून्य जातं. कुणी मध्येच एखादा कॉलम घातला किंवा मथळा बदलला, की मधल्या साधनाला कुठे काय लिहायचं ते कळत नाही. शीट वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण ज्यांच्याकडे सीआरएम चालू आहे त्यांना तिथून उठवून इकडे आणू नका.

दीपमाळ
तो कॉलम आधीच "साधा मजकूर" करून ठेवायचा. शिकवलं की जमतं सगळ्यांना.

वाटाड्या
लीड आली की पाच मिनिटांत माणसाला मेसेज गेला पाहिजे, मी तर म्हणेन सगळ्यात आधी हेच बसवा. व्हॉट्सॲपच्या बिझनेस एपीआयवर आपणहून पहिला मेसेज पाठवायचा तर टेम्प्लेट, म्हणजे मेसेजचा ठरलेला मसुदा, आधी मंजूर करून घ्यावं लागतं. समोरच्याने उत्तर दिलं की पुढचे २४ तास मोकळेपणाने लिहिता येतं. टेम्प्लेट लहान ठेवा, नाव घाला, आणि फॉर्ममध्येच "आम्ही मेसेज पाठवू" अशी संमती घ्या.

अनुस्वार
वाटाड्या, माहिती चांगली आहे, पण जी लीड पोचलीच नाही तिला मेसेज कुठून जाणार? कोरा कागद, सीआरएम?

कोरा कागद
सेल्सफोर्स. मध्ये झॅपियर. पेज एकच आहे, मधली सुट्टी. लीड्स ॲक्सेस पाहिलं, तिथे काही अडवलेलं दिसत नाही.

अनुस्वार
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. आता झॅप हिस्टरी उघडा, झॅपियरमध्ये कुठल्या लीडचं काय झालं ते तिथे दिसतं. न पोचलेल्या लीडच्या वेळेची नोंद शोधा आणि त्यावर काय लिहिलंय ते इथे द्या. "फिल्टर्ड" असेल तर मध्ये कुणीतरी अट घातली आहे. एरर असेल तर सेल्सफोर्सने परत पाठवलंय. नोंदच नसेल, तरच मेटाकडे बघायचं.

कोरा कागद
लॉगिन जोडून देणाऱ्याकडे आहे, तो फोन उचलत नाही. दुसरा काही मार्ग?

खिडकीपाशी
दुसरा मार्ग शोधू नका, लॉगिन ताब्यात घ्या. ते खातं कंपनीच्या ईमेलवरच हवं. झॅप अडकला की सूचनेचा ईमेल खात्याच्या मालकाला जातो, म्हणजे आत्ता तो त्या माणसाला जात असणार आणि तुम्हाला कळायचा काही प्रश्नच नाही.

सुतारपक्षी
म्हणूनच म्हणतो, स्वतःचं असावं. लॉग, म्हणजे काय झालं त्याच्या नोंदी, आपल्या हातात राहतो.

खिडकीपाशी
स्वतःचा कोडही लिहून देणारा सोडून गेला की हीच गत होते. तेव्हा तर लॉग कुठे आहे हेही कुणाला माहीत नसतं. कोड की साधन यावर कितीही वाद घाला, चाव्या कोणाकडे आहेत हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच.

कोरा कागद
मिळालं लॉगिन. हिस्टरीत लाल नोंदींची रांग आहे. सगळीकडे एकच मजकूर: "रिक्वायर्ड फील्ड्स आर मिसिंग: लास्टनेम", म्हणजे आडनावाचा अनिवार्य रकाना रिकामा. पण आमच्या फॉर्ममध्ये नाव अनिवार्य आहे! नाव न भरता फॉर्म पुढे जातच नाही. मग मिसिंग कसं?

खिडकीपाशी
सापडलं. फॉर्ममध्ये "पूर्ण नाव" असा एकच रकाना आहे ना? सेल्सफोर्सच्या लीडमध्ये आडनाव आणि कंपनी हे दोन रकाने भरल्याशिवाय नोंद होत नाही. पहिलं नाव नसलं तरी चालतं. कंपनीच्या जागी तुमच्याकडे बहुधा एखादा ठरलेला शब्द टाकलेला असेल. आणि मध्ये फॉर्मॅटरची एक पायरी असेल, ती पूर्ण नाव मोकळ्या जागेवर तोडून पहिला तुकडा नावात आणि दुसरा आडनावात टाकते. ज्याने नुसतं एका शब्दाचं नाव लिहिलं त्याचा दुसरा तुकडा रिकामा, आणि लीड परत.

टेस्ट का पास होते तेही यातच आहे. मेटाच्या टेस्टिंग टूलने बनवलेल्या लीडमध्ये नावाच्या जागी "टेस्ट लीड: डमी डेटा फॉर फुल नेम" असा लांबलचक मजकूर असतो. त्यात मोकळ्या जागा भरपूर, त्यामुळे दुसरा तुकडा नेहमीच मिळतो. ती टेस्ट या चुकीवर कधीच अडकणार नाही.

कोरा कागद
हो, फॉर्मॅटर आहे. अगदी असंच आहे. आणि हिस्टरीत पाहिलं, अडकलेली नावं खरंच एका शब्दाची आहेत. आता करू काय? आडनावात डॅश टाकू?

मधली सुट्टी
डॅश टाका आणि मोकळे व्हा. लीड पोचली पाहिजे, नाव नंतर फोनवर विचारता येतं.

खिडकीपाशी
डॅश नको. सहा महिन्यांनी शेकडो नोंदींचं आडनाव डॅश असेल, आणि डुप्लिकेट शोधणाऱ्या नियमांनाही त्यातल्या काही नोंदी एकसारख्या वाटू शकतील. दुसरा तुकडा रिकामा असेल तर पूर्ण नाव जसंच्या तसं आडनावात टाका आणि पहिलं नाव रिकामं सोडा. फोन करणाऱ्याला हाक मारायला नाव दिसतं. शिवाय तीन शब्दांची नावं तपासा. "दुसरा तुकडा" घेतला की मधलं नाव आडनाव होऊन बसतं, तिथे "शेवटचा तुकडा" हवा.

अनुस्वार
नव्या फॉर्ममध्ये नाव आणि आडनाव वेगळे विचारा की. तोडाफोडीची गरजच राहणार नाही.

खिडकीपाशी
आडनावच न लावणारी माणसं असतात. त्यांना तो रकाना अनिवार्य केला तर ती टिंब टाकून पुढे जातील किंवा फॉर्म सोडून देतील. मी एकच रकाना ठेवीन आणि रिकाम्याची सोय मध्ये करीन.

दीपमाळ
शीटमध्ये आडनाव अनिवार्य नसतं, एवढंच नोंदवते.

कोरा कागद
बदल केला. टेस्ट कशी करू? टूलवर आता विश्वास नाही.

अनुस्वार
त्याच टूलमध्ये फॉर्मचा प्रीव्ह्यू उघडतो, तिथे स्वतःची उत्तरं भरून पाठवा. एकदा एका शब्दाचं नाव, एकदा तीन शब्दांचं. एका फॉर्मवर एका वेळी एकच टेस्ट लीड राहते, त्यामुळे आधीची पुसूनच दुसरी पाठवा.

कोरा कागद
दोन्ही पोचल्या! आता बुडालेल्या लीड्स. त्या परत कशा आणू?

खिडकीपाशी
मेटाकडून लीड्स ९० दिवसांपर्यंतच डाउनलोड करता येतात, म्हणून फाइल आजच उतरवा, बाकीचं सावकाश करा. फाइलमध्ये लीडच्या आयडीआधी "एल:" आणि फोनआधी "पी:" अशी खूण असते. फोनची खूण आयात करण्याआधी काढा. आयडीची काढून एक्सेलमध्ये सेव्ह करू नका. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच धरतं, पुढचे शून्य करून टाकतं, आणि लांब आयडी कायमचा बिघडतो. मग आलेल्या आणि न आलेल्या लीड्स जुळवायला हाताशी काहीच उरत नाही. सेल्सफोर्समध्ये लीड आयडीसाठी वेगळा मजकुराचा रकाना करा आणि झॅपमधूनही तो भरा, आयात करताना त्यावरूनच जुळवा. जुन्या नोंदींत तो रकाना रिकामा असणार, तेव्हा या एका खेपेला फोन आणि ईमेलवरून जुळवावं लागेल.

सुतारपक्षी
आयडीचं अगदी बरोबर. आणि आयात करताना फॉर्म भरल्याची मूळ वेळही वेगळ्या रकान्यात घ्या. नाहीतर सगळ्या जुन्या लीड्स आजच आल्यासारख्या दिसतील, आणि सेल्सची मुलं शिळ्या लीडला ताजी समजून बोलतील.

वाटाड्या
त्या जुन्या लोकांना मेसेज पाठवणार असाल तर टेम्प्लेटमध्ये उशीर झाल्याबद्दल एक सरळ वाक्य घाला.

कोरा कागद
फाइल उतरवली, आयडी तसेच ठेवलेत. झॅपियरचं खातं कंपनीच्या सामाईक ईमेलवर घेतलं, म्हणजे एररची सूचना मी आणि सेल्सप्रमुख दोघांनाही दिसेल. ज्या ग्राहकांचा फोन आला होता त्यांचं नाव यादीत सापडलं, एका शब्दाचंच आहे. खिडकीपाशी, अनुस्वार, मनापासून आभार. यादीतल्या सगळ्यांना फोन करायला बसवलंय, सगळ्यात जुन्या लीडपासून सुरुवात करतोय.

रानवाट
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, इथेच विचारते. आमच्याकडे गूगलच्या लीड फॉर्मवरून येतात, नाव नीट येतं, पण "बजेट किती" या प्रश्नाचं उत्तर सीआरएममध्ये रिकामं दिसतं. याचंही असंच काही असेल का?

अनुस्वार
सीआरएम कुठलं आणि मध्ये काय आहे ते सांगा. आणि सीआरएममधला बजेटचा रकाना यादीतून निवडायचा आहे का तेही पाहा. फॉर्मवरचा पर्याय आणि यादीतला पर्याय अक्षरशः सारखे नसले तर उत्तर तिथे बसत नाही.