फुकट थ्रीडी देणं आधी आपणच बंद करायला हवं

गंगापूररोडकर
अकरा वर्षं नाशकात ऑफिसं, शोरूम, दवाखाने यांचं इंटिरिअर करतोय. पाच माणसांची फर्म. गेल्या महिन्यात मुंबई नाक्याजवळच्या एका क्लिनिकसाठी तीन लेआउट केले, थ्रीडी, म्हणजे तयार जागा कशी दिसेल त्याची चित्रं, काढली. ऑफिसातली दोघं दोन आठवडे त्यातच. डॉक्टरांना पसंत पडलं, आणि तीच चित्रं घेऊन ते थेट ठेकेदाराकडे गेले. का, तर तो बिनबिलाचं करतोय. बरं, त्यांचा हिशेबही बरोबर आहे. उपचारांवर जीएसटी नाही, त्यामुळे आमच्या बिलातल्या १८ टक्क्यांचं क्रेडिट त्यांना मिळत नाही, सगळे खिशातून जातात.

पण माझे दोन आठवडे कुणाच्या खिशातून गेले? मजूर मिळत नाहीत, प्लाय महाग झालं, मुंबईवाले येऊन कामं नेतात, अशी खापरं आपण रोज फोडतो. टर्नकीच्या, म्हणजे डिझाइनपासून लाकूडकामापर्यंत सगळं एकाच ठेक्यात घेण्याच्या, नावाखाली डिझाइन फुकट द्यायचं आणि पैसे लाकूडकामात लपवायचे, ही सवय मात्र आपलीच. पहिली भेट झाली की फी. ती आल्याशिवाय एक रेघसुद्धा मारू नये.

अंबडवाला
"लपवायचे" हे तुम्हीच लिहिलंत ते बरं झालं. मी छोटा कारखानदार. ऑफिस करून घेतलं तेव्हा डिझाइन फी वेगळी दिली होती, चेकने. कोटेशनात ७१० नंबरचं, पाण्यात टिकणारं मरीन प्लाय. पहिल्याच पावसाळ्यात पॅन्ट्रीचं कपाट फुगलं, कापून बघितलं तर आत साधं एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारं. वर दुकानदाराकडून डिझायनरचं कमिशन गेलेलं, ते त्याच दुकानात कळलं. फी घेणाराही प्लायवाल्याच्याच बाजूला बसणार असेल, तर मी फी कशाची देऊ?

गंगापूररोडकर
कमिशन चालतं. सुरुवातीला मीही घेतलंय, खोटं कशाला बोलू. डिझाइनचे पैसे सुटत नाहीत म्हणूनच ही सवय लागते.

अंबडवाला
मला तर फी मिळूनही लागलेली दिसली.

नवी_पाटी
सर, राग मानू नका, पण हे तुम्हाला परवडतं. तुमची कॉलेज रोडवर चार शोरूम दाखवायला आहेत. माझं डिप्लोमानंतरचं दुसरं वर्ष. फी मागितली की लोक म्हणतात, "आधी काहीतरी दाखवा." थ्रीडी हेच माझं व्हिजिटिंग कार्ड. आणि आता मोबाइलवर फोटो टाकला की एआय मिनिटभरात केबिन सजवून देतं. चित्राला किंमत उरलीय कुठे?

सातपूर_सुतार
चित्राला नाहीच, ताई. कामाला आहे. थ्रीडीत सीलिंग मस्त दिसतं, साइटवर गेलं की बीम खाली आलेला, त्याखालून एसीची डक्ट. हाइट राहते साडेसात फूट. वर्किंग ड्रॉइंग, म्हणजे मापांसकटचा नकाशा, मागितलं की व्हॉट्सअ‍ॅपवर परत तेच रंगीत चित्र येतं! मग मापं मीच काढायची, आणि चुकलं की पैसे माझे कापायचे.

माणसांचं म्हणाल तर, माझी पोरं उत्तर प्रदेशची. होळीला गेली की महिनाभर येत नाहीत. दोन फरशीवाले कुंभाच्या कामावर गेले, २०२७ पर्यंत ते परत येतील असं मी धरतच नाही. आणि शोरूमवाल्याला पाडव्याला फीत कापायची असते.

गंगापूररोडकर
ड्रॉइंगचं मान्य. फुकटच्या कामात तेवढा वेळ घालता येत नाही, हेच तर सांगतोय. शिवाय बिलाचे शेवटचे दहा टक्के अडकतात. छोट्या उद्योगांची सरकारी उद्यम नोंदणी आहे, ४५ दिवसांत पैसे द्यायचा नियम दाखवला तरी लोक हसतात.

कराचा_माणूस
हसणारच. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत न दिल्यास देणाऱ्याला त्या खर्चाची आयकरातली वजावट प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच मिळते, ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. गंमत अशी की इंटिरिअर बहुतेकदा भांडवली खर्चात जातं आणि त्यावर फक्त घसारा, म्हणजे दरवर्षी किमतीचा थोडा भाग, मिळतो. म्हणजे ज्या खर्चाची थेट वजावट मुळात मागितलीच नाही, ती अडणार कशी? उशिराच्या व्याजाचा वेगळा कायदा आहे, पण टर्नकी कामाला तो लागतो का यावरही कोर्टकज्जे झालेत. निव्वळ डिझाइन सेवेचं बिल वेगळं असेल तर तुमची बाजू बळकट. त्यापुरतं धागाकर्त्याचं बरोबर.

अंबडवाला
ठीक. पुढच्या शेडचं ऑफिस करायचंय. डिझाइनची फी आधी देतो, वर्किंग ड्रॉइंगसकट. पण प्लाय, मायका, हार्डवेअरचं बिल थेट माझ्या नावावर, दुकान मी ठरवणार.

गंगापूररोडकर
चालेल. पण माल उशिरा आला तर तारखेची जबाबदारी माझी नाही.

सातपूर_सुतार
आणि मागच्या कामाचे माझे दहा टक्के, ते कुणाच्या नावावर?